म्युझिक व्हिडिओचा खर्च कुणी करायचा?

१ ऑगस्ट १९८१च्या मध्यरात्री अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. दिवसाचे चोवीस तास गाण्यांच्या क्लिप दाखवायच्या आणि त्या क्लिप रेकॉर्ड कंपन्यांनी फुकट द्यायच्या, असा चॅनेलचा हिशेब होता. गाणं घराघरांत दिसलं की तुमच्याच तबकड्या खपणार, मग वर पैसे कसले मागता? काही कंपन्यांनी आधी नाक मुरडलं, पण त्यांचा हट्ट फार दिवस टिकला नाही. दुसऱ्याची जाहिरात हाच आपला कार्यक्रम, आणि त्याच्या अध्येमध्ये तिसऱ्याच्या जाहिराती पैसे घेऊन लावायच्या. इतका बिनभांडवली धंदा टीव्हीवाल्यांनाही क्वचित जमला असेल.

गाण्याची छोटी फिल्म मात्र मुळात जाहिरात म्हणून जन्माला आली नव्हती. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या बारमध्ये, हॉटेलांत शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीची पॅनोरम नावाची यंत्रं असत. दहा सेंटचं नाणं टाकलं की ड्यूक एलिंग्टन किंवा फॅट्स वॉलर यांच्यासारखे जॅझ कलाकार तीनेक मिनिटं पडद्यावर दिसत. आठ फिल्म एकाच रिळावर जोडलेल्या असल्याने निवडीची सोय नव्हती, पुढे जे येईल ते मुकाट पाहायचं. १९६० मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या स्कोपिटोनवर गाणं निवडता येऊ लागलं. पण नाणं प्रेक्षकाच्याच खिशातलं. फिल्म हाच माल होता.

तो माल फुकट वाटायची पाळी आणली टीव्हीने, आणि त्यामागे कलेपेक्षा कंटाळा अधिक होता. १९६५च्या सुमारास प्रत्येक नव्या गाण्यासाठी स्टुडिओ ते स्टुडिओ फिरणं बीटल्सना नकोसं झालं होतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनजवळच्या ट्विकनहॅमला त्यांनी काही गाण्यांवर ओठ हलवून फिल्म करून घेतल्या. पुढच्या मे महिन्यात मायकेल लिंडसे-हॉग या दिग्दर्शकाबरोबर चिझिक हाउसच्या बागेत चित्रीकरण झालं. माणसांऐवजी रिळं प्रवासाला निघाली.

क्वीन या ब्रिटिश बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला अनेक जण पहिला म्युझिक व्हिडिओ म्हणतात. वरचं वाचल्यावर तसं म्हणवत नाही. पण १९७५च्या नोव्हेंबरात झालेल्या या चित्रीकरणाचं महत्त्व वेगळं आहे. गाणं जवळपास सहा मिनिटांचं, त्यात मधला ऑपेराचा भाग एकावर एक आवाज चढवून बांधलेला. बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमात उभं राहून तो निभावणं कठीण होतं, शिवाय बँड दौऱ्यावर निघाला होता. ब्रूस गावर्स या दिग्दर्शकाने एल्स्ट्री स्टुडिओत चारेक तासांत काम उरकलं. खर्च काही हजार पौंड. गाणं ब्रिटनच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ते गाण्यामुळे की फिल्ममुळे, हे सांगणं अवघड. पण रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिरात विभागांनी आपल्याला हवा तो अर्थ काढला.

म्हणूनच एमटीव्ही सुरू झालं तेव्हा ब्रिटिश बँडांकडे क्लिप तयार होत्या, अमेरिकनांकडे कमी. चॅनेलवर लागलेली पहिलीच क्लिप बगल्स या ब्रिटिश जोडीची होती. ती करणाऱ्या रसेल मल्केही याच दिग्दर्शकाने १९८२ मध्ये ड्युरान ड्युरान या ब्रिटिश बँडला श्रीलंकेत नेऊन ‘हंग्री लाइक द वूल्फ’ चित्रित केलं. अमेरिकेत सुरुवातीला थंड पडलेलं ते गाणं एमटीव्हीने वारंवार दाखवल्यावर १९८३ मध्ये तिथे तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

फुकटच्या या पंगतीत सगळ्यांना पान वाढलेलं नव्हतं. कृष्णवर्णीय कलाकार चॅनेलवर इतके कमी का, असा प्रश्न ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने १९८३ मध्ये एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखतीत केला. आमचं चॅनेल रॉकचं आहे, ही चॅनेलची ठरलेली सबब. मायकेल जॅक्सनचं ‘बिली जीन’ त्याच वर्षी लागलं आणि ती सबब लंगडी पडली.

जॅक्सनच्याच ‘थ्रिलर’ने पैशाचं गणितही फिरवलं. अल्बम १९८२च्या नोव्हेंबरचा. वर्षभर खपून झालेल्या अल्बमसाठी आणखी एका महागड्या व्हिडिओवर पैसे घालायला रेकॉर्ड कंपनी उत्सुक नव्हती. दिग्दर्शक जॉन लँडिसला तर जवळपास चौदा मिनिटांचा लघुपट करायचा होता. मग शक्कल निघाली: व्हिडिओ कसा बनला याचा माहितीपट करायचा आणि तो एमटीव्ही व शोटाइम या चॅनेलना विकायचा. व्हिडिओला पैसे न देण्याचं एमटीव्हीचं तत्त्व शाबूत राहिलं, कारण पैसे दिले ते माहितीपटाला! पुढे तीच सामग्री कॅसेटवर दुकानांत विकली गेली. जाहिरातीसाठी प्रेक्षक पुन्हा खिशात हात घालू लागला. बाकीच्या कलाकारांचं नशीब एवढं थोर नव्हतं. व्हिडिओचा खर्च कंपनी करते असं दिसे, पण त्यातला बराचसा भाग त्यांच्या रॉयल्टीतून वळता करण्याचं कलम करारात असे.

आपल्याकडे गाण्याच्या चित्रीकरणाचा खर्च सिनेमाचा निर्माता आधीच करून बसलेला असे. ‘छायागीत’, ‘चित्रहार’ पाहायला अख्खी चाळ एका टीव्हीसमोर जमायची, ती मनोरंजनासाठी; निर्मात्याच्या दृष्टीने ती सिनेमाची जाहिरात. पंचाईत होती बिगरफिल्मी गाण्याची. चॅनेल व्ही हे संगीताचं चॅनेल १९९४ मध्ये आलं, तेव्हा अशा गाण्यालाही पडद्यावर दाखवायला हीरो लागला. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं. संगीत बिद्दूचं, व्हिडिओ केन घोषचा, आणि पेटाऱ्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण. गाण्याइतकाच तो पेटारा लोकांच्या लक्षात राहिला. पण संगीत चॅनेलना सिनेमाची तयार गाणी दिसत होतीच. काही वर्षांतच त्यांचा पडदा पुन्हा सिनेमाने व्यापला.

यूट्यूब २००५ मध्ये आल्यावर चॅनेलची मक्तेदारी गेली. पुढच्याच वर्षी ओके गो या अमेरिकन बँडचा आठ ट्रेडमिलवर नाचतानाचा, एका सलग टेकमधला व्हिडिओ जगभर फिरला. तोही रेकॉर्ड कंपनीला न विचारता केलेला. गंमत पुढे आहे. यूट्यूब आता कंपन्यांना व्हिडिओचे पैसे देऊ लागलं होतं, पण तो यूट्यूबच्या स्वतःच्या पानावर पाहिला तरच. तेव्हा कंपनीने हा व्हिडिओ इतर साइटवर लावणं बंद केलं. बँडच्या गायकाने २०१० मध्ये लिहिलं की दिवसाची प्रेक्षकसंख्या दहा हजारांवरून हजारावर आली. आपणच वाटायची जाहिरात कंपनीने स्वतःच कुलूपबंद केली होती. त्याच वर्षी बँडने कंपनी सोडली आणि स्वतःचं लेबल काढलं. त्या सुमारास आलेल्या त्यांच्या व्हिडिओत गोदामभर मांडलेलं एक भलंमोठं खटाटोपी यंत्र चालू होतं, त्यात सुरुवातीलाच एक खेळण्यातला ट्रक येतो. त्यावर नाव आहे स्टेट फार्मचं. ती विमा कंपनी. व्हिडिओचे पैसे तिने दिले होते.