लायका एम कॅमेऱ्यांतील व्ह्यूफाइंडर-बदल

लायकाच्या एम मालिकेतील फिल्म कॅमेऱ्यांचा व्ह्यूफाइंडर (दृश्य पाहायची खिडकी) आणि रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस साधणारी यंत्रणा) मिळून एकच जोडणी असते. ती पूर्ण बदलता येते, तसेच तिचे सुटे भागही बदलता येतात. वापरलेल्या कॅमेऱ्याच्या वर्णनात ‘फाइंडर अपग्रेडेड’ असे लिहिलेले असले, तरी त्यामागे वेगवेगळी कामे असू शकतात. कधी फक्त फ्रेमलाइनचा, म्हणजे लेन्सच्या दृश्याची हद्द दाखवणाऱ्या चौकटींचा, मास्क (त्या चौकटी कापलेली पट्टी) बदललेला असतो, कधी पॅचचा, म्हणजे फोकस जुळवायच्या मधल्या उजळ चौकोनाचा, पांढरेपणा घालवणारे कंडेन्सर भिंग बसवलेले असते, तर कधी नंतरच्या एमपी मॉडेलच्या घडणीची संपूर्ण जोडणी घातलेली असते. यांतल्या पहिल्या कामाने पॅच सुधारत नाही. घेणाऱ्याची फसगत बहुतेक इथेच होते.

१९५४च्या एम३चे विवर्धन (फाइंडरमधली प्रतिमा नुसत्या डोळ्याच्या किती पट दिसते ते) ०.९१ होते. त्यात ५० मिमीची चौकट कायम दिसते, ९० आणि १३५च्या चौकटी लेन्सनुसार येतात. एम२मध्ये विवर्धन ०.७२ झाले आणि ३५ मिमीची चौकट आली. १९६७च्या एम४मध्ये ३५, ५०, ९० आणि १३५ अशा चार चौकटी आहेत. या तिन्ही कॅमेऱ्यांचा पॅच उलट्या प्रकाशातही टिकतो. एम४-२च्या काळात खर्च कमी करण्यासाठी फाइंडरमधले कंडेन्सर भिंग वगळले गेले. तेव्हापासून एम४-पी, मूळ एम६, एम६ टीटीएल आणि सुरुवातीचे एम७ या सर्वांत एक ठरलेला दोष आहे: बाजूने जोरदार प्रकाश आला किंवा डोळा मध्यापासून थोडा हलला, की मधला पॅच पांढरा पडतो आणि फोकस जुळवता येत नाही. २००३च्या एमपीत हे भिंग परत आले, काचांवर कोटिंगही आले. जुन्या कॅमेऱ्यांत बसवतात ती सुधारणा मुख्यतः हीच.

ती ओळखायची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे पॅच पाहणे. खिडकी किंवा दिवा समोरून थोडा बाजूला, साधारण ४५ अंशांवर येईल असे उभे राहावे. फाइंडरमधून एखादी उभी कड पॅचमध्ये धरावी आणि डोळा सावकाश डावी-उजवीकडे, वर-खाली सरकवावा. कंडेन्सर नसलेल्या रचनेत ठरावीक जागी पॅच एकदम दुधासारखा होतो, डोळा मध्यावर आणला की परत येतो. सुधारलेल्या फाइंडरमध्ये डोळा बराच सरकला तरी पॅचमधली दुहेरी प्रतिमा वाचता येते. पॅच पांढरा पडलेला असतानाच पुढची दुधी काचेची खिडकी, म्हणजे फ्रेमलाइन उजळणारी, बोटाने अर्धवट झाकून पाहावी. चौकटी मंद होऊन पॅच सावरला, तर वाट चुकलेला प्रकाश याच खिडकीतून येतो आहे आणि कंडेन्सर बसवलेला नाही असे समजावे. नुसत्या मंद उजेडाच्या खोलीत घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नाही, कारण तिथे दोन्ही रचना सारख्याच चांगल्या वागतात.

दुसरी खूण कोटिंगची. दिव्याखाली पुढच्या काचा तिरक्या धरल्या, तर एमपीच्या काचांवर रंगीत, बहुधा जांभळट प्रतिबिंब दिसते. एम६च्या मूळ काचांवर ते पांढरेच राहते. पण पुढची काच एकटीही बदलता येते, म्हणून रंग पाहून निर्णय करू नये. कोटिंग हा आधार, पॅच हा पुरावा.

चौकटी मोजताना पुढचा प्रिव्ह्यू लिव्हर तिन्ही जागी फिरवावा. ०.७२च्या एम६मध्ये २८/९०, ३५/१३५ आणि ५०/७५ अशा जोड्या येतात. ०.८५ विवर्धनाच्या आवृत्तीत २८ची चौकट नसते, ०.५८मध्ये १३५ची नसते. २८ आणि ७५च्या रेषांची गर्दी नको म्हणून काही जण एम६मध्ये एम४सारखा मास्क घालून घेतात. दिसायला ते फार सुटसुटीत होते, पण पॅच जसा होता तसाच राहतो. मास्क जुन्या मापाचा असेल तर चौकटीचा आकारही बदलतो: एम४पर्यंतच्या चौकटी १ मीटर अंतरासाठी आखलेल्या आहेत, एम६च्या ०.७ मीटरसाठी. त्यामुळे एम६ची चौकट लांबच्या विषयाला जरा घट्ट पडते आणि फिल्मवर चौकटीबाहेरचेही बरेच काही येते.

विवर्धनाची शंका असल्यास दोन्ही डोळे उघडे ठेवून एका डोळ्याने फाइंडरमधून आणि दुसऱ्याने थेट तीच वस्तू पाहावी. ०.९१मध्ये दोन्ही प्रतिमा जवळजवळ एकावर एक बसतात, ०.७२मध्ये फाइंडरमधली पाऊणपटीच्या जरा खाली असते, ०.५८मध्ये निम्म्याहून थोडी मोठी. याचा अचूकतेवर थेट परिणाम होतो. सुमारे ६९ मिमीच्या बेसचा (रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधल्या अंतराचा) परिणामी बेस, म्हणजे बेस गुणिले विवर्धन, ०.८५ला ५९ मिमी होतो, ०.७२ला ५०, ०.५८ला ४०. ७५ मिमी एफ१.४ किंवा १३५ मिमी वापरायची असेल तर ०.५८ टाळावा.

काम नीट झाले आहे का, हेही तपासावे. जोडणी उघडली की रेंजफाइंडर नव्याने जुळवावाच लागतो. अतिदूरची कड लेन्स अनंतावर असताना एकरूप व्हायला हवी, आणि १ मीटरवर टेपने मोजलेले अंतर लेन्सवरच्या आकड्याशी जुळायला हवे. आडवी रेषा पाहून उभा फरकही बघावा. एम६मध्ये उभ्या जुळणीचा स्क्रू लाल बिल्ल्याखाली असतो. बिल्ला सैल किंवा कडेला खरवडलेला असेल तर तिथे कुणीतरी हात घातला आहे. एम६मध्ये मीटरचे दोन्ही बाण, टीटीएलमध्ये मधला ठिपकाही, बॅटरी घालून पेटवून पाहावा. सिरियल नंबरवरून मूळ मॉडेल कळते, नंतरची दुरुस्ती कळत नाही, म्हणून कोणता भाग बसवला हे लिहिलेली दुरुस्तीची पावती मागावी.

जुनाटपणालाच सुधारणेचा अभाव समजण्याची चूकही होते. आतल्या काचांवरचे धुके डोळा कुठेही ठेवला तरी सगळे दृश्य मळकट करते. पांढरेपणाचा दोष मात्र पॅचपुरता आणि कोनावर अवलंबून असतो. धुके साफसफाईने जाऊ शकते, कंडेन्सर नसणे जात नाही. एम३चे दुखणे निराळे. त्याच्या प्रिझमचा बाल्सम (काचा चिकटवणारा पदार्थ) धक्क्याने सुटतो, मग फाइंडरच्या कडेला काळे फराटे येतात किंवा पॅचच नाहीसा होतो. अशा एम३मध्ये पुढच्या मॉडेलची जोडणी बसवलेली असेल, तर ५०ची कायमची चौकट दिसत नाही आणि ३५ची दिसू लागते. ०.९१ गेलेला असा एम३ वापरायला चांगला असू शकतो, पण मूळ एम३च्या किमतीला तो घेऊ नये.