‘आजचे वचन’ कुठून आले? शास्त्रवचन रोजच्या जगण्याला लावण्याची पार्श्वभूमी

सकाळी बायबलमधले एक वचन घ्यायचे, त्यावर थोडे मनन करायचे आणि आपल्या नोकरीत, संसारात, रागालोभात ते कुठे लागू पडते ते पाहायचे. ही पद्धत आज इतकी सर्रास झाली आहे की ती प्रेषितांच्या काळापासून जशीच्या तशी चालत आली असावी, असे वाटते. तसे नाही. वचनाप्रमाणे वागण्याचा आग्रह मात्र नक्कीच तितका जुना आहे. नुसते ऐकून सोडून देणारा म्हणजे आरशात तोंड पाहून ते लगेच विसरणारा, असे याकोबाचे पत्र बजावते. पण एकट्याने, घरी बसून, छापील पुस्तकातले एक सुटे वाक्य उचलून ते स्वतःच्या आजच्या दिवसाला लावणे ही बरीच अलीकडची गोष्ट आहे. त्यासाठी छपाई लागली, साक्षरता लागली, वचनांना क्रमांक लागले. शिवाय हे वाक्य मलाच उद्देशून आहे, असे धरून चालण्याची तयारीही लागली. या शेवटच्या मुद्द्यावर जेवढा वाद झाला, तेवढा बाकी कशावरही झाला नाही.

सुरुवातीच्या शतकांत बहुतेकांना शास्त्र कानांनीच मिळत होते. इजिप्तमध्ये तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात एका सधन घरातल्या तरुणाने उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचे वाचन ऐकले: असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे. मूळ प्रसंगात येशू हे एका श्रीमंत तरुणाला सांगतो. ऐकणाऱ्याने ते स्वतःवर घेतले, वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली आणि पुढे तो वाळवंटातल्या संन्यस्त परंपरेचा आद्य पुरुष मानला गेला. त्याची गोष्ट शंभरेक वर्षांनी मिलानमध्ये एका वक्तृत्वाच्या शिक्षकापर्यंत पोचली. ३८६ साली एका बागेत, मनाची घालमेल चाललेली असताना, त्याने ‘घे आणि वाच’ असे मुलाच्या आवाजातले शब्द ऐकले, पौलाची पत्रे उघडली आणि रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायातल्या ज्या ओळींवर नजर पडली तेवढ्याच वाचल्या. त्याचे आयुष्य तिथे बदलले.

कुठलेही पान उघडावे आणि समोर येईल ते वचन आपले मानावे, या सवयीचे समर्थन करणारे आजही हाच दाखला देतात. ते एक गोष्ट सांगायची विसरतात. हाच माणूस पुढे उत्तर आफ्रिकेत बिशप झाला आणि इसवी सन ४०० च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात त्याने या प्रथेवर स्पष्ट नापसंती नोंदवली. शुभवर्तमानाच्या पानांतून कौल काढणारे लोक भुताखेतांना विचारायला जात नाहीत एवढे बरे, पण देवाची वाणी व्यवहाराच्या कामांना जुंपणे मला आवडत नाही, असा त्याचा सूर आहे. पुढे गॉलमधल्या (म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या) धर्मसभांनी, ५०६ साली आग्द येथे आणि ५११ साली ऑर्लेआं येथे, शास्त्रातून भविष्य काढणाऱ्यांवर कारवाईचे नियम केले. नियम पुन्हा करावा लागला, यावरून तो कितपत पाळला जात होता याचा अंदाज येतो.

मध्ययुगाबद्दल थोडक्यात. शास्त्राचे चार अर्थ मानण्याची रीत रूढ झाली आणि त्यातला एक, नैतिक अर्थ, ‘मी काय करावे’ या प्रश्नासाठी राखून ठेवला गेला. सहाव्या शतकातल्या मठांच्या नियमावलीने दिवसातले ठरावीक तास वाचनाला दिले. बाराव्या शतकात एका मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी लिहून काढली. शास्त्राचे अध्याय आज आहेत तसे पाडले गेले ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला. हे सारे प्रामुख्याने मठाच्या भिंतींच्या आत चालले होते. नांगर धरणाऱ्याच्या हाती त्यातले फारसे काही आले नाही.

सोळाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. पहिली तांत्रिक होती, आणि तिचे श्रेय तिला क्वचितच मिळते. १५५१ साली एका फ्रेंच मुद्रकाने ग्रीक नव्या कराराची छोट्या, क्रमांक घातलेल्या वचनांत विभागणी केली. १५६० साली जिनिव्हात छापलेल्या इंग्रजी बायबलने ही पद्धत उचलली आणि समासात भरघोस टिपाही घातल्या. वचन उचलता येऊ लागले, पाठ करता येऊ लागले, भिंतीवर लावता येऊ लागले. संदर्भापासून तोडता येऊ लागले, हेही त्याच दमात म्हणायला हवे. पत्रातला सलग युक्तिवाद सुट्या ओळींत छापला की प्रत्येक ओळ स्वयंपूर्ण दिसू लागते. पौलाने तसे काही लिहिले नव्हते. १६११ च्या अधिकृत इंग्रजी भाषांतराने समासातली टीका काढून टाकली, पण आकडे ठेवले.

दुसरी गोष्ट म्हणजे १५२५ सालचे विटेनबर्गमधले एक प्रवचन. हा या सगळ्या इतिहासातला खरा कळीचा क्षण आहे, असे मला वाटते. धर्मसुधारणेचा अग्रणी तिथे म्हणाला की एखादे वाक्य देवाचे वचन आहे का, एवढे पाहून भागत नाही; ते कोणाला सांगितले आहे, हेही पाहावे लागते. अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगितले म्हणून मी माझ्या मुलावर सुरी उगारायची नाही. मोशेचे नियम त्या लोकांना दिले होते आणि आपण ते लोक नाही. त्या वेळी काही गट मोशेचे कायदे जसेच्या तसे समाजावर लादू पाहत होते, त्यांना हे उत्तर होते. पण त्याचा परिणाम खासगी वाचनावरही झाला. ‘मला’ हा शब्द आता गृहीत धरता येईना, तो सिद्ध करावा लागे. विरोधकांचा आक्षेपही पोकळ नव्हता. प्रत्येक वाक्यावर ‘हे माझ्यासाठी नाही’ असा शिक्का मारत गेले, तर गैरसोयीची आज्ञा टाळण्याचे ते सोपे निमित्त होते. येशूचे डोंगरावरील प्रवचन नेमके कोणासाठी, मठवासीयांसाठी, सर्वांसाठी की फक्त शिष्यांसाठी, हा वाद याच कारणाने कधी मिटला नाही. दुसरा गाल पुढे करायला सांगितल्यावर ‘कोणाला?’ हा प्रश्न फार पटकन सुचतो.

इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या धर्मसुधारक, उपदेशकांनी यावर शिस्तीचा उपाय काढला. १५९२ सालच्या केंब्रिजमधल्या एका लॅटिन मार्गदर्शिकेत श्रोत्यांचे प्रकार पाडून प्रत्येकाला वचन वेगळे कसे लावायचे, ते सांगितले आहे. अडाणी, गर्विष्ठ आणि आधीच खचलेला या तिघांना एकच औषध नको. १६४५ च्या वेस्टमिन्स्टर धर्मसभेच्या उपासनाविधीत तर कबुलीच आहे की हे काम उपदेशकाला फार कठीण जाते आणि ऐकणाऱ्याला ते रुचत नाही. थोडक्यात, वचन आयुष्याला लावणे हे तोवर पाळकाचे काम होते.

ते काम सामान्य माणसाच्या हाती दिले जर्मनीतल्या भक्तिपंथी चळवळीने. फ्रँकफुर्टमध्ये १६७० पासून घरगुती बैठका सुरू झाल्या, १६७५ मध्ये चळवळीचा जाहीरनामा ठरलेली पुस्तिका निघाली आणि १७१० मध्ये हाल्ले येथे स्वस्त बायबल छापण्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. जुळवलेले खिळे मोडायचे नाहीत, पाने तशीच ठेवून पुन्हा छापायची, म्हणजे किंमत उतरते, ही तिथली युक्ती. घराघरात बायबल पोचण्यामागे उपदेशाइतकाच या युक्तीचाही हात आहे.

मग हेर्नहूट. मोराव्हियातून परागंदा झालेल्या लोकांच्या सॅक्सनीतल्या या वस्तीत १७२८ च्या मे महिन्यात दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ देण्याची प्रथा पडली. ती सकाळी घरोघरी जाऊन सांगितली जाई. १७३१ पासून वर्षभराच्या ओळी आधीच छापल्या जाऊ लागल्या आणि ते पुस्तक आजतागायत दरवर्षी निघते. जुन्या करारातली ओळ चिठ्ठी काढून ठरते. तिच्या जोडीचे नव्या करारातले वचन मात्र माणसे विचारपूर्वक निवडतात. फोनवर येणाऱ्या ‘आजच्या वचना’चा हा सरळ पूर्वज. फरक एकच, पण मोठा: हेर्नहूटची ओळ साऱ्या वस्तीला एकच होती. शेजाऱ्यालाही तीच मिळाली असल्याने ‘हे खास माझ्यासाठी आले’ असे म्हणायची सोय नव्हती, आणि संध्याकाळी त्यावर एकमेकांना विचारता येत होते.

चिठ्ठ्यांचे लोण मात्र तिथे थांबले नाही. मिशनवर कोणी जायचे, पद कोणाला द्यायचे, लग्न करायचे की नाही, हेही चिठ्ठीवर ठरू लागले. विवाहाची चिठ्ठी एकोणिसाव्या शतकात मागे पडली. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळीच्या संस्थापकाने हीच सवय उचलली होती. १७३९ च्या मार्चमध्ये ब्रिस्टलला जावे का, म्हणून बायबल उघडले, तर डोंगरावर चढून जा आणि तिथे मर, अशी मोशेला झालेली आज्ञा आणि पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला मूठमाती दिल्याची ओळ समोर आली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, कौल जाण्याचा निघाला. तो गेला आणि त्यानंतर बावन्न वर्षे जगला.

एकोणिसाव्या शतकात सगळा कारभार संघटित झाला. १८०४ मध्ये लंडनला बायबल वाटपाची मोठी संस्था निघाली. १८४२ मध्ये डंडीच्या एका तरुण पाळकाने वर्षभराचे वेळापत्रक आखले: जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. हे वेळापत्रक आजही वापरात आहे, आणि मला विचाराल तर सुट्या वचनांवरचा तो जुना, चांगला उतारा आहे; कारण त्यात न आवडणारे अध्यायही वाटेत येतातच. रोज एक चिठ्ठी काढायच्या वचनांच्या पेट्यांत ते येत नाहीत. तिथे आश्वासने असतात, संदेष्ट्यांची झोडपणी नसते.

निवड किती लांब जाऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण १८०७ चे. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी लंडनमध्ये छापलेल्या एका बायबलमधून जुन्या कराराचा बहुतांश भाग गाळला होता. इस्राएलांच्या मिसरमधून सुटकेची कथाही त्यात गेली. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे राहिले. दुसऱ्याच्या आयुष्याला कोणते वचन लावायचे हे ज्याच्या हाती आहे, त्याच्या हिताकडे पाहिल्याशिवाय हा इतिहास वाचता येत नाही. त्याच शतकात अमेरिकेतल्या गुलामांनी निर्गमाची तीच कथा स्वतःला लावली आणि तिची गाणी केली.

१८९६ मध्ये कॅन्ससमधल्या टोपेका शहरात एका पाळकाने रविवारच्या संध्याकाळी प्रकरणाप्रकरणाने एक कादंबरी वाचून दाखवली. तिच्यातली माणसे वर्षभर प्रत्येक निर्णयाआधी ‘येशूने काय केले असते?’ असे विचारतात. प्रताधिकारातल्या त्रुटीमुळे अनेक प्रकाशकांनी ती छापली आणि ती जगभर गेली. मूळ पुस्तकात हा प्रश्न वर्तमानपत्राचा धंदा, रेल्वेतला भ्रष्टाचार, घरमालकी अशा बाबींवर रोखलेला आहे. मिशिगनमधल्या एका युवागटाने १९८९ च्या सुमारास त्याची आद्याक्षरे मनगटी पट्ट्यांवर विणून घेतली, आणि नव्वदच्या दशकात त्या लाखोंनी खपल्या. प्रश्न तोच राहिला, पण सामाजिक धार जाऊन तो वैयक्तिक सद्वर्तनापुरता उरला.

विसाव्या शतकात अभ्यासगटांनी तीन टप्पे रूढ केले: मजकुरात काय आहे ते पाहा, त्याचा अर्थ लावा, मग स्वतःला लावा. क्रम योग्यच होता. व्यवहारात तिसरा टप्पा पहिल्या दोघांना गिळतो. १९८८ मध्ये तर जवळजवळ प्रत्येक टीप रोजच्या जगण्याशी जोडणारे अभ्यास-बायबल बाजारात आले आणि तुफान खपले. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले ११वे वचन (‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’) याच लाटेत पदवीदान आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे वचन झाले. ते बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रात आहे, त्यात ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे आणि सुटका सत्तर वर्षांनी होईल, हे आदल्याच वचनात सांगितले आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले १३वे वचन (‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो’) खेळाडू विजयासाठी वापरतात. पौल तिथे बंदिवासातून उपासमारीत आणि सुबत्तेत समाधानी राहण्याबद्दल बोलत आहे. २००८ मध्ये मोबाइलवरचे बायबल आले, आणि सुटी ओळ चित्रावर छापून पाठवणे दोन सेकंदांचे काम झाले.

कॅथलिक बाजूने हालचाल उशिरा झाली. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॅटिकनच्या महासभेने शास्त्र सर्व श्रद्धावंतांनी वारंवार वाचावे, असा स्पष्ट आग्रह धरला. त्यानंतर मठातली ती चार पायऱ्यांची शिडी सामान्यांच्या गटांत उतरली. २०१० च्या पोपच्या पत्राने तिला शेवटी कृती जोडली: वाचन कृतीपर्यंत पोचल्याशिवाय पुरे होत नाही, आणि ते निव्वळ व्यक्तिगत ठेवणे धोक्याचे आहे, कारण हे वचन मंडळी, म्हणजे श्रद्धावंतांचा समाज, घडवण्यासाठी दिले आहे, असे त्यात म्हटले आहे.