इंजिनचा पिवळा दिवा लागला तर काय करायचं

चावी फिरवली की इंजिनचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो आणि गाडी स्टार्ट झाल्यावर विझतो, ते नॉर्मल आहे. गाडी चालू असताना लागला आणि तसाच राहिला तर मात्र लक्ष द्या.

आधी बघा, दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय. स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी पळत असेल तर रस्त्यात थांबायची गरज नाही, पण एक-दोन दिवसांत दाखवून घ्या. पेट्रोल भरल्यानंतर लागला असेल तर टाकीचं झाकण टक-टक वाजेपर्यंत घट्ट करा, काही गाड्यांत सैल झाकणातून वाफ निसटते आणि सिस्टीम तेच पकडते. अर्थात झाकण लावल्या लावल्या दिवा जात नाही, गाडी आणखी काही फेऱ्या चालली की जातो.

लुकलुकत असेल तर अजिबात हयगय नको. हा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, गाडी थरथरते, पिकअप मरतो, आणि न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनचा धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन जळतं, तो इतका तापतो की आतून वितळू शकतो. जे काम प्लग किंवा कॉइलवर भागलं असतं ते मग गाडीतल्या सगळ्यात महागड्या पार्टपैकी एकावर जातं. म्हणून ॲक्सिलरेटर सोडा, गाडी सावकाश बाजूला घ्या आणि टो करून आमच्या गॅरेजमध्ये आणा.

लाल दिवा, म्हणजे ऑइल कॅनचा किंवा टेम्परेचरचा, लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. आणि गरम रेडिएटरचं झाकण कृपया उघडू नका, भाजतं.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद वाचणारं यंत्र, लावला की बिघाडाचा कोड येतो, पण नुसता कोड बघून पार्ट बदलणं आम्हाला पटत नाही. पी०१७१ आला की बरेच जण धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात, खरं तर तो कोड एवढंच सांगतो की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय, ती एखाद्या चिरलेल्या व्हॅक्युम पाइपातूनही आत येत असेल. म्हणून आधी तपासतो, मग सांगतो.

एक विनंती, दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू नका किंवा कोणाकडून कोड पुसून घेऊ नका. दिवा लागला त्या क्षणी स्पीड किती, इंजिन किती गरम, हे गाडीने नोंदवलेलं असतं, ते पुसलं जातं आणि बिघाड तसाच राहतो. येताना एवढं लक्षात ठेवून सांगा, गाडी थंड होती की गरम, चढावर होती की ट्रॅफिकमध्ये, आणि त्याआधी गाडीचं काय काम केलं होतं.