बसच्या दिवशी न घेतलेली गोळी

खानापूरकडच्या माझ्या आत्याला शुगर, बीपी आणि गुडघेदुखी असं तिन्ही आहे. बेळगावला दवाखान्यात यायचं असलं की ती सकाळची ‘लघवीची गोळी’ घेत नाही. बीपीची ही गोळी शरीरातलं जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढते. भरल्या बसमधून बाईमाणसानं मध्येच उतरायचं कुठं? नेमकं त्याच दिवशी डॉक्टर बीपी मोजतात, ते चढलेलं दिसतं आणि डोस वाढतो. त्यात गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. ती मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावते. एक गोळी पाणी काढणार, दुसरी अडवणार!

औषधांच्या चाचण्यांत असे अनेक आजारांचे रुग्ण बहुतेक वेळा वगळले जातात. एका औषधाचा परिणाम स्वच्छ दिसावा, हे कारण ठीकच आहे. पण मग निष्कर्ष निघतो तो आत्यासारख्या नसलेल्या माणसांचा. म्हणून मला वाटतं, संशोधनाचे प्रश्न ठरवतानाच आत्यासारखे रुग्ण सोबत घ्यावेत.

संशोधनात भाग घेणं आपल्याकडं नवं नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी झाली, २००६ साली ती प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर जादा रक्तस्राव औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या गटात १२ टक्के बायकांना झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. मोठंच काम. मी म्हणतेय ती पायरी याच्याही आधीची आहे: प्रश्न ठरवताना रुग्ण खोलीत असणं. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स हा उपक्रम हेच करतो. रुग्ण, त्यांना सांभाळणारी माणसं आणि डॉक्टर एकत्र बसून आधी कशाचा शोध घ्यायचा याचा क्रम लावतात.

इथं एखाद्या डॉक्टरांच्या चमूनं हे करायचं ठरवलं, तर पहिली अडचण भाषेची. संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत हवं, असा नियमच आहे. सीमाभागात त्याचा अर्थ कन्नड आणि मराठी, दोन्ही. आणि मराठीसुद्धा आत्याची, पुस्तकातली नव्हे. ‘मूत्रवर्धक नियमित घेता का?’ याला ती मान डोलावून ‘हो’ म्हणेल.

दुसरी गोष्ट, मोजायचं काय? डॉक्टर बीपीचा आकडा लिहितील. आत्या विचारेल, “ती गोळी सांजच्याला परत आल्यावर घेतली तर चालंल काय?” प्रश्न साधा दिसतो, पण सांजेला घेतली तर रात्री उठावं लागणार, आणि तिचा संडास परसात आहे. अंधारात, दुखऱ्या गुडघ्यांनी.