मरियामातेचा झगा निळाच का? ऑर्डर देण्यापूर्वी एवढं वाचा

नव्या घराच्या आशीर्वादाला किंवा लग्नात भेट द्यायला इटालियन चित्रकार राफाएलचं, मरियामाता आणि गोल्डफिंच पक्ष्याला कुरवाळणारा बाळ येशू असलेलं चित्र आमच्याकडून बरेच जण नेतात. प्रश्नही ठरलेला असतो: “आजीकडच्या तसबिरीत झगा काळपट हिरवा होता, तुमचा एवढा निळा कसा?”

निळाच बरोबर आहे. 1505-06 च्या सुमाराचं हे चित्र इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. सोळाव्या शतकात ते ज्या घरात होतं ते कोसळून चित्राचे तुकडे झाले. ते जोडले, वरून रंग दिले, वार्निश चढवलं, आणि सगळं हळूहळू पिवळं पडलं. सुमारे दहा वर्षं चाललेली सफाई 2008 मध्ये संपली, तेव्हा खालचे रंग दिसले. जुन्या तसबिरी त्याआधीच्या फोटोंवरून छापलेल्या आहेत.

त्या काळी सर्वांत उंची निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून बनायचा. 1485 मध्ये फ्लॉरेन्समध्ये चित्रकार घिरलांदायोशी झालेल्या करारात निळा औंसाला सुमारे चार फ्लोरिनचाच (तिथलं सोन्याचं नाणं) हवा, असं लिहून घेतलं होतं. मरियेला तो रंग देणं म्हणजे तिला मान देणं.

आमचा वेळ खरा जातो तो फोनवरच्या फिल्टरमुळे. झगा आकाशी करून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि “असाच छापा” म्हणतात. निळा उजळला की लालही फिका पडतो. बाळ येशू ज्या पक्ष्याला कुरवाळतोय, त्याच्या तोंडावर लाल खूण आहे. क्रुसाच्या वेळी येशूच्या काट्यांच्या मुकुटातला काटा या पक्ष्याने उपसला तेव्हा रक्ताचा थेंब त्याच्यावर उडाला, अशी आख्यायिका. पुढचं सगळं दुःख त्या खुणेत आहे, आणि आपल्या प्रिंटमध्ये ती जेमतेम तिळाएवढी. फिल्टरने आधी तीच जाते. मग घरी नेल्यावर चित्र निस्तेज वाटतं आणि प्रिंट पुन्हा काढावी लागते. म्हणून आम्ही रंग बदलून देत नाही. याचा काहींना राग येतो, पण भिंतीवर ते चित्र वर्षानुवर्षं राहणार असतं.

मापाचंही तसंच. मूळ चित्र 107 × 77 सें.मी. आहे, 12 इंच रुंदीला उंची पावणेसतरा इंच येते. 12 × 18 ची फ्रेम आधीच घेतली असेल तर चित्र कापू नका, आम्ही प्रिंट थोडी लहान काढून भोवती क्रीम रंगाचा माउंट (कोऱ्या पुठ्ठ्याची चौकट) लावतो. 18 इंच उंची भरायला चित्र मोठं केलं तर त्याच्या बाजू कापाव्या लागतात.

नमुना प्रिंट दुकानात दिवसाउजेडी पाहा. तिचे पैसे ऑर्डरमध्ये वळते करतो.