वस्तू आली कुठून? पुण्याच्या जुन्या बाजारातल्या रहस्यकथेची पार्श्वभूमी

हलक्याफुलक्या रहस्यकथेत रक्तपात पडद्याआड राहतो आणि तपास एखादा दुकानदार किंवा शेजारीण करते. त्यासाठी सगळे सगळ्यांना ओळखतात अशी वस्ती लागते. पुण्याच्या पेठा तशाच. पण कथा जुन्या वस्तूंच्या व्यापारातली असेल, तर खुनी कोण यापेक्षा वस्तू आली कुठून, हा प्रश्न मोठा ठरतो.

माग बहुधा पाडलेल्या वाड्यापाशी जातो. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी मातीचे वाडे बसले. उरलेल्यांना १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यात डागडुजी परवडेना. वाडा पाडायला काढला की समया, घंगाळं, अडकित्ते मोडीच्या भावात, वजनावर जायचे आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात दिसायचे. वजनावर घेतलेला माल म्हणजे नुसतं पितळ, इतके किलो. घराचं नाव तराजूतच पुसलं जातं. कथानकाला याहून भक्कम जागा मिळणार नाही. दिनकर केळकरांनी मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ असेच दिवे आणि अडकित्ते जमवून ठेवले, हे पुण्याचं भाग्यच.

१९७२चा पुरावशेष कायदा ५ एप्रिल १९७६पासून लागू झाला. शंभर वर्षांची वस्तू, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांचं, पुरावशेष ठरतं. विक्रीला परवाना लागतो, खाजगी निर्यातीला बंदी. नोंदणीची सक्ती मात्र मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांनाच. लेखक इथेच चुकतात आणि समईलाही नोंदणी लावतात.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं, घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीवर ‘छत्रपति’. ही नाणी महाराजांनंतरही फार काळ पाडली जात होती, त्यामुळे नाव वाचून ‘राज्याभिषेकाची’ म्हणणं धाडसाचं. अस्सल शिवराई हातोड्याने ठोकलेली. ठसा सरकलेला, अक्षरं कडेला तुटलेली, कड चिरलेली. साच्यात ओतलेल्या नकलेवर भिंगाखाली बारीक छिद्रं आणि कडेवर कानशीने घासलेली सांध्याची रेघ दिसते. दोन नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा असेल, तर दोन्ही एकाच साच्यातली. मीठ-व्हिनेगरने घाईत चढवलेला हिरवा थर ओल्या कापसाला लागतो. मुरलेला सहसा लागत नाही.

अशा वेळी विक्रेता खरेपणा पटवायला म्हणतो, ‘वाड्याच्या पायात हंडा सापडला.’ १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत किंवा भिंतीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. हंडा खरा असेल आणि कळवला नसेल, तर नाणं विकता विकता त्याने गुन्ह्याची कबुली दिलेली असते.