पाणी तुटतं तेव्हा

नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, पानामागे तपकिरी रेघा दिसल्या की ‘कीड लागली’ म्हणून औषध फवारणारे बागप्रेमी पुष्कळ आहेत. ती कीड नव्हे, बीजाणूंचं कोठार आहे. फूल नाही, बी नाही, तरी नेचा उभ्या कड्यावर पोहोचतो तो याच रेघांच्या जोरावर.

ॲस्प्लेनियम ट्रायकोमॅनिस हा आल्प्समध्ये आणि हिमालयात सावलीतल्या खडकांच्या फटींत वाढणारा वीतभर नेचा. काळपट चकचकीत दांडा, दोन्ही बाजूंना बारीक गोलसर पर्णिका. पर्णिकेमागच्या एकेका रेघेत अनेक बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या इवल्या पिशव्या, दाटलेल्या असतात आणि एका धानीत साधारण 64 बीजाणू.

खरी गंमत धानीच्या पाठीवरून जाणाऱ्या पेशींच्या रांगेत आहे. तिला वलय म्हणतात. या पेशींच्या आतल्या आणि मधल्या भिंती जाड, बाहेरची मात्र पातळ. हवा कोरडी झाली की पातळ भिंतीतून पाणी उडून जाऊ लागतं. उरलेले रेणू एकमेकांना आणि भिंतींना सोडत नाहीत. परिणामी पातळ भिंत आत खेचली जाते, जाड भिंतींची बाहेरची टोकं जवळ येतात, वलय उलटं वाकतं आणि धानी उघडते. ताण वाढत जातो. ऋण दाब, म्हणजे पाण्याला ताणणारी ओढ, वातावरणाच्या दाबाच्या नव्वदेक पट झाला की पाणी अक्षरशः तुटतं. पेशींत बुडबुडे होतात, वलय झटक्यात मिटू लागतं आणि बीजाणू सेकंदाला 10 मीटरपर्यंतच्या वेगाने सुटतात.

पण वलय एका दमात पूर्ण मिटलं, तर बीजाणू पुन्हा धानीतच कोंडले जातील. दगड फेकणाऱ्या जुन्या युद्धयंत्रात दांडा अडवायला आडवी तुळई असे. इथे तसं काही नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाविए नोब्लँ आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दुसऱ्या एका नेच्यावरचं काम मांडलं, त्यातून उत्तर मिळालं. वलयाची पहिली झेप मायक्रोसेकंदांत होते. पुढची हालचाल भिंतींतल्या सूक्ष्म छिद्रांतून सरकणाऱ्या पाण्यामुळे मंदावते. तेवढ्यात बीजाणू निसटतात.

युरोपात एकेकाळी नेच्याचं ‘बी’ खिशात ठेवलं की माणूस अदृश्य होतो असं मानत. आपल्याकडे मयूरशिखा नावाचा नेचा ‘वशीकरणा’साठी विकतात, तोही त्यातलाच प्रकार.

उडायला कोरडी हवा लागली, तरी पुढे ओलच हवी. बीजाणू रुजून काही मिलिमीटरचं हिरवं, पातळ पातं होतं. त्यावरच्या पुंपेशी पाण्याच्या थरातून पोहत अंडपेशीपर्यंत जातात. हे नाजूक पातं उन्हात टिकत नाही, म्हणून सावलीतली फट. या नेच्याच्या चुनखडीवर वाढणाऱ्या, गुणसूत्रांचे चार संच असलेल्या प्रकारात तर एकाच पात्यावरच्या पुंपेशी आणि अंडपेशीचंही जुळतं. त्यामुळे ओसाड कड्यावर नवी वसाहत उभी राहायला एक बीजाणूही पुरतो.